पालकाचा रकाना

योसेफ अमोलिकांनी साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात एकतीस वर्षं काढली. त्या काळात लोकांचे फॉर्म भरून द्यायचं जे वेड त्यांना लागलं, ते रिटायर झाल्यावरही सुटलं नाही. रविवारची उपासना संपली की चर्चच्या ओट्यावर त्यांचा दरबार भरे. कुणाला हयातीचा दाखला हवा असे, कुणाला फंडाचा अर्ज, कुणाला नुसतंच कुरकुरायचं असे. योसेफ चष्मा पुसत आणि प्रत्येकाला तेच म्हणत, "रकान्यात काय लिहायचं ते तू सांग. मी नुसता लिहिणारा." स्वतःच्या मनाने त्यांनी कुणाच्या कागदावर एक अक्षर टाकलं नव्हतं. श्रीरामपुरात ही त्यांची ख्याती होती आणि तिचा त्यांना थोडा माजही होता.

त्या रविवारी मात्र दरबार भरला नाही. उपासना संपल्यावर योसेफ कुणाशी न बोलता तडक घरी आले आणि लेकीच्या, शॅरनच्या पेन्शनचा फॉर्म पुढ्यात घेऊन बसले. बुधवारी शॅरन जर्मनीला चालली होती, तिथल्या एका दवाखान्यात नर्स म्हणून. नगरच्या दवाखान्यातली अकरा वर्षांची नोकरी तिने सोडली होती आणि उद्या सोमवारी या फॉर्मवर तिथल्या साहेबांची सही झाली की इथला तिचा संबंध संपत होता. ऑनलाइन भरायला गेल्यावर तिच्या मुलीच्या नोंदीपाशी गाडी अडली, म्हणून हा कागदी फॉर्म.

शॅरनच्या भावाने, अँड्र्यूने, पुण्याहून फोनवर छातीठोक सांगितलं होतं की पेन्शन तिकडे ट्रान्सफर होते, बँकेची शाखा बदलावी तशी. अँड्र्यूचं हे नेहमीचंच. योसेफांनी चार दिवस खपून खरं काय ते काढलं. फंड काढून घेता येतो, तो शॅरनने काढलाही. पेन्शन हलत नाही. दहा वर्षांच्या वर नोकरी झाली की ती रक्कम हातातही देत नाहीत, एक सर्टिफिकेट देतात. जर्मनीशी करार आहे, त्यामुळे हक्क ठरवताना इकडची वर्षं तिकडच्या वर्षांत धरतात. पण इथली पेन्शन इथेच राहणार आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी मिळणार. मधल्या काळात शॅरनचं काही बरंवाईट झालं तर मुलीला. म्हणून फॉर्मात मुलीचं नाव लिहायचं, आणि मुलगी सज्ञान नाही म्हणून तिच्या पालकाचं.

जेनिफर दहा वर्षांची होती. तिचा बाप, सुनील त्रिभुवन, ती तीन वर्षांची असताना गेला. पालकाचा रकाना रिकामा होता.

योसेफ त्या रिकाम्या जागेकडे पाहत बसले. अँड्र्यू पुण्याला गेल्यापासून या घरात ते आणि त्यांची बायको दया दिवसाला दहा वाक्यं बोलत, त्यातली चार गॅसच्या टाकीबद्दल. मागच्या आठवड्यात त्यांनी आतल्या खोलीतली खाट स्वतः रंगवली होती. इथल्या शाळेत जेनिफरच्या नावाची चौकशीही करून ठेवली होती. पोर या घरात वावरेल, दप्तर कुठेही टाकेल, आपण रागवू, या विचाराने त्यांना तीन रात्री सुखाची झोप लागली होती. त्यांनी पेन उघडलं आणि कुणालाही न विचारता, टाइम ऑफिसातल्या त्याच टपोऱ्या अक्षरात लिहिलं: योसेफ भागवत अमोलिक.

मग कागदाची घडी केली आणि पवित्र शास्त्राखाली, म्हणजे बायबलखाली, सरकवली.

अमोलिकांच्या घरात ही जुनी रीत होती. मोठा कागद असला की सहीआधी तो शास्त्राखाली ठेवायचा आणि सगळ्यांनी मिळून प्रार्थना करायची. योसेफांच्या नोकरीचा कागद असाच ठेवला होता, दयाच्या ऑपरेशनचा ठेवला होता, अँड्र्यूच्या फ्लॅटचा ठेवला होता. एकदा प्रार्थना होऊन कागद बाहेर आला की त्यात कुणी खाडाखोड करत नसे. योसेफांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर त्यांनी घाई केली.

*

अक्काबाई त्रिभुवन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून येसराच्या पुड्या बांधत होत्या. सुनेला परदेशात आमटीची आठवण आली तर, म्हणून दोन दिवस खपून त्यांनी धान्य आणि मसाला भाजून दळून आणला होता. सुनील गेल्यावर त्या नेवाशाकडचं गाव सोडून नगरला शॅरनच्या क्वार्टरमध्ये येऊन राहिल्या, त्याला सात वर्षं झाली. शॅरनची रात्रपाळी असली की जेनिफर त्यांच्या कुशीत झोपे. मुलीचा पहिला पडलेला दात अजून त्यांच्या बटव्यात होता.

"किती करता हो विहीणबाई," दया म्हणाल्या. गॅसवरचं मटण ढवळताना त्यांचा आवाज मायेने भरून आला होता. "सात वर्षं तुम्ही पोरीचं केलंत. आता जरा विसावा घ्या. गावाकडं मोकळ्या हवेत राहा."

अक्काबाईंचा हात थांबला. "गावाकडं?"

"म्हणजे, क्वार्टर तर सोडावंच लागणार ना. आणि जेनीचं इथं सगळं केलंय यांनी. खाट, शाळा..." दया बोलता बोलता अडखळल्या. "शॅरन बोलली नाही तुमच्याशी?"

"न्हाई."

शॅरन बोलली नव्हती. विचारलं की "बघू आई, अजून ठरलं नाही" एवढंच म्हणायची. त्या भरवशावर अक्काबाईंनी नगरला जेनिफरच्या शाळेमागे एक खोली बघून ठेवली होती. नळ आत होता, खिडकी शाळेच्या मैदानाकडे उघडत होती. मालकिणीला त्यांनी "आमी दोघी हाय, जास्ती पसारा न्हाई" असंही सांगून टाकलं होतं. आता ती खोली दयाबाईंना सांगायची त्यांना लाज वाटली. त्यांनी उरलेला येसर एकाच पुडीत कोंबला आणि दोरा इतका आवळला की कागद फाटला.

"तुमचं बी खरंच हाय," त्या म्हणाल्या. "माझं काय, दोन खोल्या झाडायला झालं."

दयाबाईंना आत कुठेतरी टोचलं. पण मटण लागत होतं, त्या तिकडे वळल्या.

*

जेवणं झाल्यावर सगळे बैठकीत जमले. अँड्र्यू सकाळीच पुण्याहून आला होता आणि पेन्शन हलत नाही हे कळल्यापासून जरा घुश्शात होता. जेनिफर पलंगावर पाय हलवत बसली होती. शॅरन दयांशेजारी, खाली सतरंजीवर. योसेफांनी डोक्यावरून हात फिरवला, शास्त्रावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले.

"पाव्हणं," अक्काबाई म्हणाल्या.

योसेफांनी डोळे उघडले.

"परार्थनेच्या आधी तेवढा कागुद वाचून दाखवा. मला वाचाया येत न्हाई. आमेन कशाला म्हनायचं त्ये तरी कळू द्या."

दयांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांना जे वाचायला येत होतं ते त्यांनी त्या चेहऱ्यावर वाचलं. योसेफांनी कागद काढला. खोटं वाचणं त्यांना जमणारं नव्हतं. ते भरभर वाचू लागले. सभासदाचं नाव, नोकरी लागल्याची तारीख, सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण परदेशी नोकरी, कुटुंबातील व्यक्ती जेनिफर सुनील त्रिभुवन, नातं मुलगी. "पालक..." ते थांबले. "पालक, योसेफ भागवत अमोलिक."

"मी सांगितलं होतं हे?" शॅरन म्हणाली. आवाज हळू होता.

"तुला काय विचारायचं त्यात? पोर राहणार इथं, तर नाव कुणाचं येणार?"

"पोर इथं राहणार हे कुठं ठरलंय?"

"म्हणजे काय! आता आयत्या वेळी..."

"पप्पा, एक मिनिट," अँड्र्यू पुढे सरकला. "भांडण नको. तुम्ही बहात्तर, अक्काबाई अडुसष्ट. व्यवहार म्हणून बघा. जेनी अठराची व्हायला आठ वर्षं आहेत. नाव माझं टाका. मी चाळीसचा आहे."

"तू?" दया एकदम उसळल्या. "तुला भाचीचा वाढदिवस तरी माहीत आहे का?"

"मार्च," अँड्र्यू म्हणाला.

"मे," पलंगावरून जेनिफर म्हणाली.

"झालं!" दया आता थांबायला तयार नव्हत्या. सकाळपासून त्या नवऱ्याच्या बाजूने होत्या. पण उंबऱ्याशी फाटलेली ती पुडी त्यांच्या डोळ्यांपुढून हटत नव्हती. "आणि तुम्ही हो, साऱ्या गावाला विचारून लिहिता. 'मी नुसता लिहिणारा.' घरच्यांनाच तेवढं विचारावंसं वाटलं नाही? या बाईनं पोरीचं हगणंमुतणं काढलं, तापात रात्र रात्र बसली. आपण काय केलं? नाताळाला फ्रॉक पाठवले."

"तू माझ्याविरुद्ध बोलतेस?" योसेफांना खरंच धक्का बसला होता.

"मला पण पाहिजे पोर! मला काय नको आहे? सकाळी उठल्यावर घरात कुणी तरी बोलावं असं मला वाटत नाही? पण असं चोरून नको."

"चोरून?" योसेफ म्हणाले. "मी माझ्या नातीसाठी..."

"ऱ्हाऊ द्या," अक्काबाई म्हणाल्या. "त्येंचंच नाव ऱ्हाऊ द्या. मी अडानी बाई. कागुद कचेरीत न्यायचा म्हनलं तर मला कुनी उभं करनार न्हाई. पोरीचं बरं हुतंय ना, मग झालं." एवढं बोलून त्यांनी पदर तोंडाला लावला, पण रडल्या नाहीत.

"असं कसं झालं, अक्काबाई," अँड्र्यू आता त्यांच्या बाजूला वळला. "तुमचाही हक्क आहे, बापाकडच्या आजी आहात."

"आता तू हक्क शिकवणार?" योसेफ गरजले.

मग सगळे एकदम बोलू लागले. कोण सांभाळेल, कोण शाळेत जाईल, कुणाचं घर मोठं, कुणाची तब्येत बरी, कुणाच्या पश्चात काय. त्या गलक्यात जेनिफरचा आवाज पहिल्यांदा कुणाला ऐकूच आला नाही. तिने पुन्हा विचारलं.

"आजोबा, हे मम्मी मेल्यावरचं आहे ना?"

योसेफांनी हातातला कागद खाली ठेवला.

"म्हणजे तो पालक," जेनिफर म्हणाली. तिला फक्त समजून घ्यायचं होतं. "मम्मी मेली तर मी ज्याची, त्याचं नाव. हो ना?"

*

अर्धा तास आपल्या मरणाबद्दल बोलणं चाललंय हे शॅरनच्याही लक्षात आलं नव्हतं. ती सतरंजीवर बसली होती, चांगली जिवंत, आणि तिच्या पाठीमागे तिच्या पोरीची वाटणी चालली होती. कुणीही म्हणालं नव्हतं, "अगं, हा रकाना कधी लागू नये." कुणीही म्हणालं नव्हतं, "तू तिथं एकटी कशी राहशील?" गेले सहा महिने ती जर्मन शिकत होती, रात्रपाळीत रुग्ण झोपले की कॉरिडॉरमध्ये उभी राहून शब्द पाठ करत होती, तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांनी अभिमान बाळगला होता. अभिमान बाळगायला कुणालाच कष्ट पडत नाहीत.

तिला त्या सगळ्यांचा राग आला. मग त्यांचे चेहरे पाहिले आणि राग टिकला नाही. पप्पा अचानक म्हातारे दिसत होते. मम्मी पदराचं टोक पिळत होती. आणि आई, सुनीलची आई, उंबऱ्याजवळ भिंतीला टेकून बसली होती, जणू या घरातून आधीच निघाली होती. यातल्या प्रत्येकाला एक माणूस हवं होतं आणि माणूस एकच होतं, दहा वर्षांचं. हा गोंधळ आपणच केला हेही तिला कळत होतं. "बघू, अजून ठरलं नाही" म्हणत तिने सहा महिने ढकलले होते, कारण ठरवलं की कुणाला तरी नाही म्हणावं लागणार होतं.

"हो, जेनी," ती म्हणाली. "ते त्याच्यासाठीच असतं. पण मी मरणार नाहीये. कामाला चाललेय." मग अँड्र्यूकडे वळली. "स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे जा. हा फॉर्म नव्याने काढून आण. कोरा."

अँड्र्यू निमूट उठला. दयांनी चहा टाकला आणि तो तसाच निवला.

कोरा फॉर्म आल्यावर शॅरन टेबलाशी बसली आणि स्वतःच्या हाताने सगळं भरत गेली. पालकाच्या रकान्याशी ती थांबली नाही. अक्काबाई त्रिभुवन, तिने लिहिलं.

"आई, तुम्ही नगरलाच राहायचं. जेनीच्या शाळेजवळ एखादी खोली बघू उद्या."

"बगितलीय," अक्काबाई पुटपुटल्या. "नळ आत हाय."

शॅरनला हसू आलं आणि रडूही. तिने कागद योसेफांपुढे धरला. "पप्पा, तपासून द्या."

योसेफांनी चष्मा पुसला. वाचलं. बोट प्रत्येक ओळीखालून नेलं, जसं ते ओट्यावर कुणाचाही फॉर्म तपासताना नेत. पालकाच्या रकान्याखाली बोट जरा रेंगाळलं. "सोडल्याच्या तारखेत महिना आधी लिहिलायस," ते म्हणाले. "दिवस आधी येतो. ते नीट कर." तिने नीट केलं. मग त्यांनी स्वतः भरलेला कागद चार घड्या करून सदऱ्याच्या खिशात घातला आणि नवा शास्त्राखाली ठेवला. प्रार्थनेत त्यांनी अक्काबाईंचं नाव घेतलं, जेनिफरचं घेतलं, प्रवासाचं मागितलं. "आणि माझ्या लेकीला तिथं एकटं वाटू नये" असं म्हणताना त्यांचा आवाज गेला आणि आमेन दयांनी म्हटलं.

मंडळी निघाली तेव्हा योसेफ फाटकापर्यंत आले नाहीत. आतल्या खोलीतून रंगवलेली खाट ओढल्याचा आवाज आला. दया म्हणाल्या, "दिवाळीच्या सुटीत पाठवाल ना तिला?" आणि अक्काबाईंनी त्यांचा हात हातात घेऊन सांगितलं, "मी सोता घिऊन येते. तुमी बी या की खोलीवर." दोघी विहिणींनी इतकी वर्षं एकमेकींचा हात कधी धरला नव्हता.

*

श्रीरामपूरच्या स्टँडवर नगरची गाडी लागायला वेळ होता. ऊन कलतं होतं. अँड्र्यूने बॅगा बाकावर ठेवल्या, शॅरनला एका हाताने कसंबसं जवळ घेतलं आणि पुण्याची गाडी पकडायला पळाला. तिघी बाकावर बसल्या, मध्ये जेनिफर.

फॉर्म शॅरनच्या पर्समध्ये होता. गाडीची वाट बघता बघता ती हिशेब करत राहिली. आपण पस्तीस. अठ्ठावन्नला तेवीस वर्षं. तेवीस वर्षांनी ती पेन्शन घ्यायला परत आली तर आई एक्क्याण्णव वर्षांची असेल, पप्पा पंच्याण्णव. म्हणजे नसतीलच. अकरा वर्षं इथं राबल्याचे दर महिन्याला पैसे येतील आणि ते ज्यांना सांगावेत असं इथं कुणी नसेल. जेनी तेहेतीसची असेल, कुठं असेल कोण जाणे. हे आधी का नाही सुचलं, असं तिला वाटलं. सुचलं असतं तरी ती गेलीच असती, हेही तिला ठाऊक होतं. पोरीच्या शिक्षणासाठीच ती चालली होती, आणि पोरीचं शिक्षण ती फोनवर बघणार होती.

पण मनावरचं ओझं थोडं हललंही होतं. कागदावर बरोबर माणसाचं नाव आहे, एवढं तरी आपण नीट केलं. तिने जेनिफरच्या केसांवरून हात फिरवला.

समोरून पेरूवाला आला. हातगाडीवर कापलेले पेरू, वर तिखटमीठ. जेनिफरला पेरू जीव की प्राण. पण तिचा घसा धरायचा, म्हणून दर वेळी ती विचारायची आणि दर वेळी थोडी रदबदली व्हायची. खोकला आहे का, आ कर बघू, बरं, अर्धाच घे. मायलेकींचा हा खेळ ठरलेला होता. शॅरनने पर्समधून पैसे काढून हातात धरले आणि लेकीच्या प्रश्नाची वाट पाहू लागली.

जेनिफरने पेरूकडे पाहिलं. मग ती दुसऱ्या बाजूला वळली.

"आज्जी," तिने विचारलं, "घेऊ का गं?"

अक्काबाई गोंधळल्या. त्यांनी नातीच्या डोक्यावरून शॅरनकडे पाहिलं, काय सांगू, असं. शॅरनने घे म्हणून मान हलवली. पण जेनिफर तिच्याकडे बघत नव्हती. आजी काय म्हणते याकडे तिचं सगळं लक्ष होतं.

"आ कर बगू," अक्काबाई म्हणाल्या.

जेनिफरने तोंड उघडलं.